गच्चीच्या किल्लीचे एकमेव धनी यांस

मा. मानद सचिवसाहेब,


परवा रात्री तळमजल्यावरच्या मीटर रूमने पेट घेतला, वीज गेली, जिन्यात काळा धूर भरला. वॉचमनने घाबरत चिपळूणला फोन लावला, तेव्हा आपण हळदीच्या मांडवातून शांतपणे म्हणालात, ‘‘गच्चीची किल्ली ना? काळजी नको, माझ्याच खिशात आहे.’’ किल्ली सुखरूप असल्याबद्दल सर्वप्रथम आपलं अभिनंदन.

गच्चीला कुलूप का, याची आम्हाला कल्पना आहे. पोरांनी वर बिअरच्या बाटल्या फोडल्या, कुणी केबलच्या वायरी कापल्या, आणि पापड वाळत घालण्यावरून दोन घरं आजही एकमेकांशी बोलत नाहीत. एवढ्या संकटांचा आपण एका पितळी कुलपाने बंदोबस्त केलात. राहता राहिला धूर. तो वर जातो आणि सोसायटीचे ठराव वाचत नाही. मीटरच्या वायरी ज्या डक्टमधून चढतात, तो मजल्यामजल्याला बंद केलेला असायला हवा. आपला तळापासून टाकीपर्यंत सताड उघडा आहे. धूर तिथून जिन्यात आला आणि वर निघाला. गच्चीचं दार उघडं असतं, तर निघूनही गेला असता. आपण धुराड्याच्या तोंडावर झाकण ठेवलंत.

खाली अंधार आणि धूर, म्हणून वरच्या मजल्यांवरची माणसं गच्चीकडे धावली. बाराव्या मजल्यावरची बाळंतीण बाळाला ओढणीत गुंडाळून तुमच्या कुलपावर हात आपटत होती. उघडेना, तेव्हा ती त्याच धुरातून परत खाली आली. साहेब, आगीत माणसं जळून मरतात त्याहून जास्त धुराने गुदमरून मरतात. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ऑक्टोबर २०२३मध्ये आग लागली ती तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, लोक झोपेत असताना. धूर वर चढला आणि माणसं गेली. ठाण्याहून गोरेगाव किती लांब आहे? पेपर तुमच्याकडेही येतो ना?

बाकीच्या व्यवस्थेबद्दल काय बोलावं! लाल सिलिंडरचा काटा कधीचाच लाल पट्ट्यात विसावलाय. होजच्या पेटीतली पितळी नोझल भंगारात गेली, आता तिथे चपला आणि छत्र्या सुखाने नांदतात. रेफ्युज एरियात गणपतीचं मखर आहे. बंब आला तो फाटकाबाहेरच थांबला, कारण आत त्याच्या वाटेवर दुसऱ्या गाड्या उभ्या होत्या. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र ‘कुणाकडे वास येतोय का?’ या प्रश्नाला तत्परतेने हात जोडलेले इमोजी आले.

कागदावर आपली इमारत अभेद्य आहे. राज्याच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैला परवानाधारक एजन्सीकडून ‘सगळं चालू आहे’ असा फॉर्म बी घ्यायचा असतो. तो फायलीत आहे, शिक्क्यासकट. पंपाने तो वाचलेला नसावा.

आणि हो, एप्रिलमधलं मॉक ड्रिल! १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आपण पाळला तो बॅनर, समोसे आणि ग्रुप फोटो यांनी. भोंगा वाजला आणि सगळे शिस्तीत लिफ्टने खाली आले. आगीत लिफ्ट वापरायची नाही, हे सांगायला जो जवान आला होता, त्यालाही आपण लिफ्टनेच वर नेलंत. कुणाकडे अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाचा ऑक्सिजन विजेवर चालतो, खाली उतरल्यावर घरच्यांनी कुठे जमायचं, हे कुणी विचारलं नाही. समोसे गरम होते.

तरीही तुमची दया येते. बिनपगारी नोकरी, वर पार्किंगच्या शिव्या. हळद सोडून तुम्ही रात्रीच निघालात आणि सकाळी काजळी धरलेल्या जिन्यात बादली घेऊन तुम्हीच उभे होतात. होजच्या दुरुस्तीचा विषय गेल्या सर्वसाधारण सभेत तुम्हीच मांडला होता, हे इतिवृत्तात आहे. ‘आपल्याकडे कधी आग लागलीय?’ म्हणून जे हसले आणि प्रवेशद्वाराचा ग्रॅनाइट ज्यांनी एकमताने मंजूर केला, तेच परवा सगळ्यांत मोठ्याने तुमच्या नावाने बोंबलत होते. त्यांचा हिशेब वेगळा मांडू.

पण कुलपाचा विषय कुठल्याच सभेत आला नव्हता. ते तुमचं एकट्याचं.

तेव्हा ते काढा, आजच. चोरांची धास्ती असेल तर जिन्याच्या बाजूने नुसतं ढकलल्यावर उघडणारी आणि गच्चीच्या बाजूने न उघडणारी कडी बाजारात मिळते, ती बसवा. जुलैच्या फॉर्मवर सही करण्याआधी एकदा पंप चालू करून पाहा. आणि पुढच्या लग्नाला जाताना खिसा रिकामा ठेवा.

आपली,
तेराव्या मजल्यावरची सभासद
(मेंटेनन्सची थकबाकी नाही.)