अतिथी देवो भव, सिनसिनाटी शाखा

सिनसिनाटी बेंगल्स हा अमेरिकी फुटबॉलमधला फार दिलदार संघ. स्वतः पोटभर गुण करतो आणि समोरच्यालाही उपाशी पाठवत नाही. 2024 च्या मोसमात त्यांचा चेंडू फेकणारा गडी, म्हणजे क्वार्टरबॅक, ज्यो बरो याने 4,918 यार्ड आणि 43 टचडाउन फेकले. दोन्हींत लीगमध्ये पहिला. रिसीव्हर जमार चेस झेलांत, यार्डांत, टचडाउनांत अव्वल. आणि संघ? प्लेऑफच्या दाराबाहेर. बाल्टिमोरपुढे 38 करून हरले, महिन्याभराने 34 करून पुन्हा हरले. पिट्सबर्गविरुद्ध परत 38 केले, तर त्यांनी 44 केले.

या खेळात चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे. म्हणजे बरोने टचडाउन फेकायचा, बाकावर येऊन बसायचं आणि आपली कमाई डोळ्यांदेखत उधळली जाताना बघायची.

यावर व्यवस्थापनाने सखोल चिंतन केलं. बचावाचे प्रशिक्षक लू अनारुमो यांना नारळ दिला, आणि मार्च 2025 मध्ये तिजोरी उघडली ती रिसीव्हरांसाठी! चेसला चार वर्षांचे 16.1 कोटी डॉलर, टी हिगिन्सला 11.5 कोटी. बरोचा पाच वर्षांचा 27.5 कोटींचा करार 2023 मध्येच झाला होता. तिघांची मिळून वर्षाची सरासरी 12.4 कोटी. संघाची 2025 ची वेतनमर्यादा 27.92 कोटी, आणि खेळाडू 53. (बोजा पुढच्या वर्षांवर ढकलायच्या युक्त्या आहेत, पण फेड ती फेडच.)

2024 च्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिक साडेसतरा सॅक करणारा, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसकट आडवा करणारा, ट्रे हेंड्रिक्सन मात्र पडला बचावातला. त्याच्याशी ऑगस्टपर्यंत घासाघीस चालली आणि शेवटी एका वर्षाच्या पगारवाढीवर बोळवण झाली.

बरं, चढाईवरच पैसा लावायचा तर बरोला वाचवणारी पुढ्यातली भिंत तरी? 2021 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पेनी स्यूल हा भिंतीतला दांडगा गडी हाताशी असताना यांनी चेसला उचललं. त्याला चूक म्हणवत नाही. चेस नसता तर सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, दिसला नसता. पण फेब्रुवारी 2022 च्या त्याच सुपर बोलमध्ये बरो सात वेळा चेंडूसकट आडवा झाला. अखेरच्या चढाईतल्या चौथ्या, शेवटच्या प्रयत्नात चेस पुढे मोकळा सुटला होता. त्याच्याकडे चेंडू फेकायला बरोला हवा होता एखादा सेकंद. तो लॉस एंजेलिस रॅम्सच्या ॲरन डोनाल्डने दिला नाही. 20-23.

सप्टेंबर 2025 मध्ये बरोच्या पायाचा अंगठा दुखावला, शस्त्रक्रिया झाली. चाळिशीचा ज्यो फ्लॅको क्लीव्हलंडहून आणला. लोकांना वाटलं, आता गुण आटतील. कसचे! 26 ऑक्टोबरला घरच्या मैदानावर 38 केले, आणि सातही सामने हरून आलेल्या न्यूयॉर्क जेट्सना 39 करू दिले. पुढच्याच रविवारी फ्लॅकोने दुखऱ्या खांद्याने 470 यार्ड फेकले. बेंगल्स 42, शिकागो 47.