दुधाचा हिशेब

रेवदंड्याहून अलिबागला नोकरीला जाणारीची एसटी चुकली, तर अख्खी आळी हळहळते. तिनं बाळासाठी नोकरीच सोडली, की तीच आळी म्हणते, "बरं झालं, आता आराम!" हा आराम पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि पोर झोपेल तेव्हा संपतो, म्हणजे संपत नाही.

पन्नास किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत पाळणाघर हवं, असा नियम २०१७ सालच्या कायदादुरुस्तीनं आणला. आमच्याकडच्या कचेऱ्यांत पन्नास भरवायचे, तर चहावाला आणि खेटे घालणारे अर्जदारही धरावे लागतील.

२०२४ च्या सरकारी पाहणीत घरकामाला हात लावणाऱ्या बायकांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. (ती ८८ कुठे खर्ची पडतात, हे आमच्या ओटीवरून दिसलेलं नाही.) पण खरी गंमत जनगणनेची. २०११ च्या व्याख्येप्रमाणे घरच्यापुरतं म्हशीचं दूध काढणं हे काम. पोराला पाजणारी, भरवणारी, न्हाऊमाखू घालणारी मात्र 'काम न करणारी'.

तेव्हा वहिनी, एक म्हैस घ्याच. बांधायला वाडीत माड आहेतच.