काटकसरीचा मकबरा

दरडोई दीड हजार रुपयांत, शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत, एका ऐतिहासिक नगराचे साद्यंत दर्शन घडविण्याची बरावर्द आमच्या एका स्नेह्यांनी मांडली आणि त्यासाठी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हेच गाव निवडले, तेव्हा त्यात मला नियतीचा काही सूक्ष्म विनोद दिसला. कारण काटकसरीने इतिहास पाहू निघालेल्यास काटकसरीनेच उभारलेला इतिहास अन्यत्र भेटणे दुर्लभ.

औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिच्या स्मरणार्थ सतराव्या शतकात उठलेल्या बीबी का मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाला, असे सांगतात. त्या सात आण्यांना मी मनोमन मुजरा केला: ऐन शोकातही ज्या दफ्तराचा आण्याचा मेळ चुकत नाही, त्याची योग्यता मोठी! पायथ्याशी संगमरवर, माथ्यावरचा घुमट संगमरवरी, आणि मधल्या साऱ्या काळ्या दगडावर चुन्याचा शुभ्र गिलावा. आमच्या सहलीची रचनाही नेमकी हीच: आरंभी घरच्या दशम्या, अखेरीस नान-खलिया, आणि मध्ये केवळ चहा.

वेरूळ बरावर्दीबाहेर पडले. देवगिरीचा दुर्गम किल्ला आम्ही एस.टी.च्या खिडकीतून विनामूल्य सर केला. पाणचक्कीपाशी मात्र तासभर रेंगाळलो, कारण तिथे सावली होती.

परतीच्या गाडीत स्नेह्यांनी जमाखर्च सादर केला. शिलकेत साडेतीन रुपये निघाले, आणि त्यांच्या वाटणीचा तंटा मनमाड आले तरी मिटला नव्हता.