काकूंचा निरोप आणि गव्हर्नरांचं वचन

इनडायरेक्ट स्पीचचा धडा आला, की नववीचा वर्ग तक्ता घोकू लागतो: ‘नाऊ’चं ‘देन’, ‘हिअर’चं ‘देअर’, ‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’. नियमांत खोट नाही. पंचाईत होते ते घरी चालवून पाहताना. देवासच्या मराठी घरातली आजी निरोप सांगते, ‘‘काकू म्हणाल्या, मी उद्या येते, पोहे भिजवून ठेवा.’’ काकूंचा ‘मी’ शाबूत, ‘उद्या’ शाबूत, आजीचा सूरसुद्धा काकूंचाच. हाच निरोप रेन आणि मार्टिनच्या व्याकरणातून काढला, की होतो: काकूंनी सांगितलं की त्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या, आणि त्यांनी पोहे भिजवण्याची आज्ञा केली. स्वयंपाकघरात पंचनामा झाल्यासारखं वाटतं.

यातले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही १९२४ची साहसकादंबरी लिहिणारे पी. सी. रेन. तिकडे वाळवंटात गोळीबार, इकडे ‘सेड टू’चं ‘टोल्ड’!

‘हिअर’चं ‘देअर’ व्हायला देवासात एके काळी रस्ता ओलांडला तरी पुरे. पवार भावांच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात नांदत. थोरल्या पातीच्या तुकोजीरावांकडे १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर खासगी सचिव होते. दरबारातलं पाहिलं-ऐकलेलं ते पत्रांतून मायदेशी कळवत; पुढे १९५३ मध्ये ती ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. म्हणजे साहेबाला देवास कळलं तेही इनडायरेक्टच.

व्याकरणाच्या बाबतीत धारचं काम दगडावरचं. भोजशाळा-कमाल मौला परिसरातल्या खांबांवर नागाच्या वेटोळ्यांत संस्कृत वर्णमाला आणि प्रत्यय कोरले आहेत. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी तिथले शिलालेख विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांपुढे आणले. त्याच संस्कृतात लिट् हा भूतकाळ पाणिनीने बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवला आहे. ‘मी तिथे नव्हतो हं’ एवढं क्रियापदच सांगून टाकतं. चहाड्या करणाऱ्यांची केवढी सोय! मराठीत ते काम ‘म्हणे’वर भागतं.

देवासच्या बँक नोट प्रेसमधून मात्र आजही डायरेक्ट स्पीचच छापून बाहेर पडतं. पाचशेच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर प्रथमपुरुषी वर्तमानकाळात बोलतात: मी धारकाला पाचशे रुपये अदा करण्याचं वचन देतो. खाली सही. आता याचं नियमाबरहुकूम रूपांतर करा: गव्हर्नर म्हणाले, की त्यांनी तसं वचन दिलं. पेपरात पैकीच्या पैकी मार्क. किराणा दुकानदार नोट उलटीपालटी करून परत देईल, ‘‘भैया, यूपीआय कर दो.’’