पीएच.डी.नंतरची दोन वर्षं

गडचिरोलीतल्या मार्कंड्याच्या देवळांबद्दल अलेक्झांडर कनिंगहॅम १८७०च्या दशकात लिहून गेला. तो पुरातत्त्व खात्याचा प्रमुख होता. हिंडायला, बघायला आणि बसून लिहायला सरकार त्याला पगार देत होतं. तेव्हापासून वैनगंगेच्या या तीरावर लिहिणारा बहुतेकदा बाहेरून येतो आणि इथला माणूस त्याला माहिती पुरवतो. हे आता पुरे.

इथली पोरं आता पीएच.डी. होतात. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं, नागपूरची फेरी टळली. बार्टी, महाज्योती, टीआरटीआय या सरकारी संस्थांची फेलोशिप ज्याला मिळाली, त्याचं घर काही वर्षं चालतं, तेही पैसे वेळेवर आले तर. पदवी हातात पडली की पैसा थांबतो. मग तासिका तत्त्व. सकाळी एका कॉलेजात तास, दुपारी दुसऱ्या गावी, सुट्टीत पगार नाही. जंगल, जात, खाण, जमीन यांबद्दल ज्याला मुळातून काही सांगायचं आहे, तो माणूस बसस्टँडवर एसटीची वाट बघतो आहे. त्याचा प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात पडून आहे.

प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. त्यात धाडसाचं वाक्य मार्गदर्शक खोडतो आणि उमेदवार मुकाट्यानं खोडू देतो. पुस्तक त्यानंतर लिहायचं असतं, भीती गेल्यावर. त्यालाच दोन वर्षं लागतात आणि त्या दोन वर्षांना कोणी पैसे देत नाही. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची पीएच.डी.नंतरची फेलोशिप आहे, पण ती देशभरातल्या मोजक्यांना, आणि तीही नव्या संशोधनाचा प्रस्ताव मागते. जे कळलंय ते नीट लिहून काढ, एवढंच म्हणणारी फेलोशिप गडचिरोलीच्या पोराला कुठे आहे?

व्यवस्थेला मुळापासून प्रश्न विचारणाऱ्याला पैसा लागत नाही, तळमळ पुरते, असं सांगणाऱ्यांनी बाबासाहेबांची तरुणपणची वर्षं वाचावीत. १९१३ मध्ये सयाजीरावांनी महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी. त्या पैशावर कोलंबियात शिकताना १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा तो निबंध लिहून झाला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडचं कर्ज घेऊन. एवढ्या ताकदीच्या माणसाची तीन वर्षं पैशापायी गेली. याच बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ला चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, येऊन बौद्ध धम्माची दीक्षा दिली. त्या दीक्षेच्या मैदानावर उभ्या राहिलेल्यांची नातवंडं आज तासिका तत्त्वावर शिकवतात.

विचार इथे पिकत नाही, असंही कोणी म्हणू नये. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात तिथलेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं गोंड माणसं अभ्यासगटात बसली. कायदा वाचला, वाद घातला आणि सगळ्यांची सहमती होईपर्यंत निर्णय लांबवला. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये ग्रामसभेनं स्वतःचा बांबू विकला. लोकशाहीबद्दल इतका मूलगामी विचार राज्यात क्वचितच कुठे झाला असेल. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ लिहिलं, चांगलं लिहिलं. पण अशा गावातून शिकून निघालेल्या मुलीनं लिहिलेलं पुस्तक मला वाचायचं आहे. तिला आतलं भांडण माहीत असेल, बायका सभेत कधी गप्प बसतात तेही माहीत असेल.

पैसा कुठून, हा प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तरी विचारू नये. चंद्रपूरचा कोळसा आणि सूरजागडचं लोखंड रोज ट्रक भरून जातं. त्यातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात निधी येतो आणि त्या निधीच्या खर्चात शिक्षण हा अग्रक्रमाचा विषय आहे. रस्ते, इमारती होत राहतील. त्याच निधीतून गोंडवाना विद्यापीठात दरवर्षी काही जणांना दोन वर्षांची लेखन-फेलोशिप द्या. पूर्ण पगार, तासांचं ओझं नाही, मराठीत लिहा नाहीतर गोंडीत. निवड समितीवर ग्रामसभांची माणसं घ्या. हस्तलिखित छापण्याआधी कुठल्याही साहेबाच्या टेबलावर जाणार नाही, हे नियमातच लिहून ठेवा, कारण खाणीच्या पैशावर जगणाऱ्याला खाणीविरुद्ध लिहिता आलं पाहिजे. अट एकच घाला: ज्या गावाबद्दल लिहिलं, त्या गावच्या ग्रामसभेत प्रत्येक प्रकरण वाचून दाखवायचं आणि लोक काय म्हणाले ते पुस्तकात नोंदवायचं.

प्रतिष्ठानच्या नियामक परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय यावा, रकमेच्या आकड्यासकट.