एकही रुपया न खर्चता स्मृतिभ्रंश सेवा: नवशिक्या नियोजनकारांसाठी

महाड-पोलादपुरात विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी सरकारी सेवा उभारायची आहे, तीही तिजोरीला धक्का न लावता? घाबरू नका. नवख्यालाही जमतं.

१. रुग्ण मोजू नका. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो दिल्लीतच राहू द्या. तालुक्याचा आकडा काढलात, की कुणीतरी त्याला खर्चाने गुणतो. कर्ती पोरं मुंबईला आणि वाडीवर फक्त म्हातारी माणसं, ही बाब 'सामाजिक' सदरात टाका.

२. तपासणी मात्र दणक्यात करा. आशाताईंच्या फॉर्मात साठीपुढच्यांसाठी प्रश्न तयारच आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? तो आजीलाच विचारायचा. आजी ठणकावते, "मला काय धाड भरलीय?" 'नाही'वर खूण करा. आजी बरी झाली. मागे उभी राहून सून हातवारे करत असेल, तर तिच्यासाठी रकाना नाही.

३. चुकून 'हो' आलंच, तर वर पाठवा. वर म्हणजे अलिबागला, जिल्हा रुग्णालयात. पोलादपूरहून महाड, माणगाव, कोलाड, वडखळ, शंभरावर किलोमीटर. ज्याला स्वतःची पडवी ओळखता येत नाही, त्याला एसटी बदलायला लावा. सोबत येणाऱ्याची रोजंदारी बुडते, हे खरं. बिचारा! पण बुडालेली रोजंदारी कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, ही केवढी सोय.

४. आता निधी. इथे छाती फुगवून बोला. सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार! आकडा मोठा आणि निर्धोक, कारण तो रुग्णालयात दाखल झाल्यावरचा. या आजाराचा खरा खर्च घरात होतो. ऐन मे महिन्यात, रात्री तीनला, "लावणीला जायचंय" म्हणत आजोबा कडी काढतात आणि त्यांच्यामागे कुणीतरी अनवाणी धावतं. त्या धावण्याला पॅकेज नाही. धावणारी बहुधा सूनच. तिला मानधन देऊ नका, तिचा सत्कार करा. शाल स्वस्त पडते.

५. धोरणाचं विचारलं, तर मुदत सांगा. जागतिक आरोग्य संघटनेचा कृती आराखडा २०१७ चा. २०२५ पर्यंत ७५ टक्के देशांनी आपापलं धोरण करायचं होतं. मुदत आता २०३१ पर्यंत वाढली आहे. मुंबई-गोवा महामार्गाकाठच्या लोकांना हे वेगळं समजावावं लागत नाही.

६. २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, फ्लेक्स लावा. त्यावर साल मात्र छापू नका, म्हणजे तोच पुढच्या वर्षी चालतो.