हवेचा घसारा

गोंदियात पत्ता सांगायचा म्हणजे एक राइस मिल पकडायची आणि तिच्या पुढे, बाजूला की मागे एवढंच सांगायचं. आमचं घर मागे. मागे म्हणजे धुराड्याच्या अंगाला. उष्णा तांदूळ करायचा तर धान आधी वाफवावं लागतं, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरमध्ये धानाचाच कोंडा जळतो. इतका काटकसरी धंदा दुसरा नसेल. त्या काटकसरीतून जे उरतं ते दिवाळीपासून आमच्या गच्चीवर येऊन बसतं. काळं, हलकं, उचलायला जावं तर बोटावर नुसती रेघ उमटते. तीस-बत्तीस वर्षं आम्ही ते मुकाट्यानं झाडतो आहोत. तक्रार कधी केली नाही, कारण मिलचं खातं आमच्याच शाखेत होतं.

बँकेत माझी निम्मी नोकरी कर्जाचे कागद वाचण्यात गेली. बारीक अक्षरातलं आधी वाचायचं, मोठं मागाहून, ही सवय अंगात इतकी मुरली की घरी बिस्किटाचा पुडासुद्धा मी वाचल्याशिवाय फुटत नाही. आमची ही आमगावकडची. तिचं म्हणणं, "तुमचा पुडा वाचून होईपर्यंत बिस्किट सादळते जी."

तर निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मला खोकला झाला आणि पुण्याच्या मुलानं फोनवर हुकूम सोडला, "बाबा, एअर प्युरिफायर घ्या. मी पाठवतो." मी म्हटलं, "तू नको पाठवू. तू वाचत नाहीस. मी बघतो."

पंधरा दिवस मी बघितलं. सोळाव्या दिवशी 'राइस मिलच्या मागे' हा पत्ता शोधत खोकं आलं. नेमके मंडईच्या जत्रेचे दिवस होते, घरात पाहुणे होते, दंडारीच्या खेळाला जायची घाई होती. मी मात्र ओसरीत खोकं मांडून, चष्मा लावून, नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन बसलो. पट्टी कशाला, असं मेव्हण्यानं विचारलं. वेष्टित वस्तूंवर काय छापायचं याचे २०११ सालचे वैधमापनशास्त्राचे नियम आहेत. कमाल किंमत, तयार झाल्याचा महिना आणि वर्ष, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, ग्राहकानं ओरडायचा फोन नंबर, हे सगळं पाहिजे, आणि अक्षराची उंची १ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. मी मोजली. दीड भरली. मेव्हणा दंडारीला निघून गेला.

खोक्यावर पाच तारे होते. मन भरून आलं. फ्रिजला आणि एसीला २०१० पासून ताऱ्यांची पट्टी सक्तीची आहे, हे मला ठाऊक. तशीच ही असणार. "पंचतारांकित यंत्र आहे," असं मी पाहुण्यांना सांगूनही टाकलं. मग ताऱ्यांखालचं बारीक वाचलं. ते तारे सरकारनं दिलेले नव्हते. आधीच्या गिऱ्हाइकांनी संकेतस्थळावर दिले होते, आणि तेसुद्धा साडेचार होते. छपाईत अर्धा वाढला होता.

तरी मी डगमगलो नाही. खाली आर-नंबर होता, बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा. मोबाइलमध्ये 'बीआयएस केअर' हे अ‍ॅप मी आधीच घेऊन ठेवलं होतं. त्यात आयएसआयचा परवाना तपासता येतो, दागिन्यावरचा हॉलमार्कचा क्रमांक तपासता येतो, आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा आर-नंबरही. घातला नंबर. खरा निघाला! कारखाना खरा, नोंदणी चालू. फक्त वस्तूच्या रकान्यात लिहिलं होतं: पॉवर अ‍ॅडॉप्टर. म्हणजे सरकारी कसोटीला उतरलं होतं ते वायरीच्या टोकाचं काळं ठोकळं. बाकी यंत्राबद्दल नंबराचं काही म्हणणं नव्हतं. कर्जदाराऐवजी जामीनदाराचाच फोटो फाइलला लागलेला असावा, तसं.

(आयएसआय असता तरी वेगळं काही नसतं, हे नंतर वाचलं. घरगुती विजेच्या उपकरणांचं जे आयएस ३०२ नावाचं मानक आहे ते सुरक्षिततेचं. शॉक लागू नये, यंत्र तापून पेटू नये, एवढी हमी. हवेचं काय होतं हा त्याचा विषयच नाही.)

एका कोपऱ्यात कॅलिफोर्निया सरकारचं प्रमाणपत्र होतं. हे मात्र मी पाहुण्यांना मुद्दाम वाचून दाखवलं. हवा शुद्ध करण्याच्या नावाखाली काही यंत्रं ओझोन सोडायची, आणि ओझोन वर आभाळात असतो तोवर देव, नाकाशी आला की छाती जाळतो. म्हणून कॅलिफोर्नियानं २००६ मध्ये कायदा केला, २००७ मध्ये नियम केला आणि १८ ऑक्टोबर २०१० पासून ०.०५० पीपीएमच्या वर ओझोन सोडणारं घरगुती यंत्र विकायला तिथं बंदी घातली. खोक्यावर तसं लेबलही लावावं लागतं. मी दहा मिनिटं बोललो असेन. ही पोह्यांच्या बश्या गोळा करता करता म्हणाली, "कॅलिफोर्नियाले आपल्या इथून कोणती गाडी जाते जी?"

मग आकड्यांवर आलो. आकडे हा माझा प्रांत. खोक्यावर पुढच्या बाजूला ठळक: '५०० चौरस फुटांच्या खोलीसाठी'. मागे बारीक: 'सीएडीआर १७० घनमीटर प्रति तास'. हा सीएडीआर म्हणजे यंत्र ताशी किती स्वच्छ हवा देतं त्याचा आकडा, आणि प्युरिफायरचं खरं पासबुक तेच. मिनिटाला घनफुटांत तो साधारण १०० भरतो. अमेरिकेतल्या उपकरण उत्पादकांच्या संघटनेचा हिशेब असा की या आकड्याला १.५५ नं गुणायचं, तेवढ्या चौरस फुटांची खोली. म्हणजे १५५. मग ५०० आले कुठून? सगळ्यात बारीक ओळीत खुलासा होता: 'तासाला दीड वेळा हवा बदलल्यास'. अमेरिकेच्या हिशेबात तीच हवा तासाला जवळजवळ पाच वेळा गाळली जाते. हे म्हणजे पगार तोच ठेवून घरातली माणसं तिप्पट करायची आणि दरडोई जेवण दीड पोळी धरायची. असले प्रकल्प अहवाल मी शाखेत कितीतरी परत पाठवले आहेत. ही चलाखी पकडल्यावर मला इतका आनंद झाला की यंत्र लगेच चालू करून टाकलं.

पाहुण्यांसमोर निळा दिवा लागला. आवाज जवळजवळ नाहीच. खोक्यावर ५२ डेसिबल लिहिलं होतं, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी शांत. "बघा," मी म्हटलं, "लिहिलंय त्याहून चांगलं निघालं." यंत्राजवळ हात नेऊन ही म्हणाली, "याचा वाराच लागत नाही." मी तिला समजावलं की हा कूलर नाही.

चार महिने यंत्र चाललं. पडद्यावर हवेतल्या धुळीचा आकडा यायचा. हिनं लसणाची फोडणी दिली की ३८७, दार उघडलं की १२०, पहाटे ६०. आपल्याकडच्या राष्ट्रीय मानकात पीएम २.५ ची दिवसाची मर्यादा ६० आहे, त्यामुळे पहाटेची हवा बरोबर सरकारी वाटायची. बाजूला 'फिल्टर ७८ टक्के शिल्लक' असंही दिसायचं. मी तो आकडा दर रविवारी वहीत उतरवत होतो. खोकला होताच. आणि यंत्राच्या डोक्यावर रोज सकाळी काळी रेघही होती.

होळीच्या आसपास मला संशय आला. संशय आला की पडताळणी, हा नियम. प्रयोगशाळेत सीएडीआर कसा काढतात ते मी वाचलं होतं. १००८ घनफुटांची बंद खोली. आत सिगारेटचा धूर सोडायचा. आधी यंत्र न लावता वीस मिनिटांत धूर आपला आपण किती बसतो ते मोजायचं, मग यंत्र लावून तेच. दोन्हींतला फरक खोलीच्या घनफळानं गुणायचा. धुरानंतर धुळीची पाळी. ती धूळ ठरलेली, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याची. आणि शेवटी पराग, कागदी तुतीचे. अ‍ॅरिझोनाची धूळ माझ्याकडे नव्हती, पण धुराचं ऐकून जीव भांड्यात पडला. धूर बसणं म्हणजे दुसरं काय? घसारा! घटत्या शिलकीवरचा घसारा. दर मिनिटाला उरलेल्याचा ठरावीक हिस्सा कमी. हे मी झोपेतही करून देईन.

आमची मागची खोली १० बाय १२, छत १० फूट, म्हणजे १२०० घनफूट, प्रयोगशाळेहून मोठीच. राहिला धूर. तेंदूपत्त्याच्या जिल्ह्यात राहून सिगारेट कशाला आणायची? चौकातून बिडीचा कट्टा आणला. आणल्याबरोबर अर्थातच वाचला. १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याला द्यावा लागतो. कट्ट्यावर तो घशाच्या कॅन्सरच्या चित्रासकट होता. सरकारचं सगळ्यात चोख लेबल घरात कुठं आलं असेल तर ते तीन दमड्यांच्या कट्ट्यावर, आणि हजारोंच्या यंत्रावर अ‍ॅडॉप्टरचा नंबर, हे मी वहीत नोंदवून ठेवलं.

दुपारी ही शेजारी पापड लाटायला गेल्यावर मी खोलीत शिरलो. खिडकी लावली, दाराखाली जुना टॉवेल कोंबला. यंत्र स्टँडबायवर ठेवलं की पंखा थांबतो आणि आकडा दिसत राहतो, ही सोय होती. बिडी पेटवली आणि बशीत ठेवली. विझली. पुन्हा पेटवली. पुन्हा विझली. तेव्हा कळलं की सिगारेट आपली आपण जळते, बिडीला माणूस लागतो. बासष्टाव्या वर्षी, उभ्या आयुष्यात सुपारीचं खांडही न खाल्लेल्या मी, केवळ पडताळणीसाठी, झुरका घेतला.

त्या झुरक्याचं वर्णन करत नाही. आकडा ४०० झाला एवढं दिसलं, तेही पाण्यातून. वीस मिनिटांनी ३३०. मग खिडकी उघडली, खोली मोकळी केली, दुसरी बिडी, पुन्हा ४००, या वेळी पंखा पूर्ण वेगानं. वीस मिनिटांनी ३२८. वहीत घसारा मांडला. यंत्राची कमाई ताशी साधारण ०.६ घनमीटर. खोक्यावर १७०. त्यातली निम्म्याहून जास्त हवा तर मी खुर्चीवर बसल्या बसल्या नाकानं गाळतो, आणि मला अ‍ॅडॉप्टर लागत नाही.

नेमकं तेव्हाच दार ढकललं गेलं. टॉवेल सरकला. धुरात मी, हातात बिडी, मांडीवर वही, डोळ्यांत पाणी. दारात ही, आणि तिच्या मागे पापडाची परात घेऊन शेजारच्या वहिनी.

"काहून जी," ही शांतपणे म्हणाली, "हे कधीपासून?"

मी सीएडीआर समजावून सांगायला तोंड उघडलं आणि खोकलो. वहिनी परात तशीच घेऊन परत गेल्या. संध्याकाळी त्यांच्या यजमानांनी, ते निवृत्त गुरुजी, मला गच्चीवर बोलावून मुलांशी बोलतात त्या आवाजात सांगितलं की रिकामपण वाईट असतं.

अपमानाचा सगळा राग मी कंपनीवर काढायचं ठरवलं. रात्री तीन पानी तक्रार लिहिली. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, त्यातली फसव्या जाहिरातीची व्याख्या, ५०० चौरस फुटांचा दीड पोळीचा हिशेब, घसाऱ्याचं कोष्टक परिशिष्ट 'अ' म्हणून. जोडीला १८ टक्के जीएसटी भरल्याची पावती. सकाळी, रीत म्हणून, आधी खोक्यावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडे एक पोरगी होती. मी पहिलं पान वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, मागचं झाकण उघडून फिल्टरवरची पिशवी काढली होती का?"

मी म्हटलं, "मॅडम, मी चौतीस वर्षं बँकेत होतो."

"हो सर. पिशवी काढली होती का?"

झाकण उघडलं. आत फिल्टर होता, पांढराशुभ्र, नवरीसारखा, जाड पिशवीत सगळ्या बाजूंनी सीलबंद. 'वारा लागत नाही' याचं कारण तेच आणि शांततेचंही तेच. '७८ टक्के शिल्लक' हा आकडा फिल्टर बघून येत नव्हता. चालू राहिल्याचे तास मोजून यंत्र तो आपलं लिहीत होतं, एखाद्या शिपायानं साहेब नसताना हजेरी मांडावी तसं. आणि पिशवीवर, लाल अक्षरांत, इंग्रजीत आणि हिंदीत छापलं होतं: वापरण्यापूर्वी ही पिशवी काढा.

सवयीनं पट्टी आणली. अक्षराची उंची १२ मिलिमीटर. नियमात १ लागते.

फोन चालूच होता. "सर?" पोरगी म्हणाली. मी म्हटलं, "तपासून सांगतो," आणि ठेवला.

त्या दुपारी तिसरी बिडी ओढली, या वेळी दाराबाहेर हिला उभं करून, साक्षीदार म्हणून. यंत्र असं घोंघावलं की कॅलेंडर हललं. ४०० वरून वीस मिनिटांत ७०. घसारा मांडला, ताशी १५८ घनमीटर निघाले. खोक्यावरचे १७० जवळजवळ खरे होते. तीन पानी तक्रार मी परिशिष्टासकट फाडली; गुरुजींकडे खुलासा करायला जावं असं मनात आलं होतं, पण खिशात बावीस बिड्यांचा कट्टा होता.

पिशवी हिनं धुऊन घेतली. जाड आहे, फाटत नाही. सध्या ती गच्चीवर पापडांवर अंथरलेली असते. काल मी जवळ जाऊन पाहिलं. पिशवीवर काळी रेघ होती, पापड स्वच्छ.